रिकामटेकड्यांचा रेडिओ

हॅम रेडिओवर मराठीत काहीही छापून आलं की त्यात एक वाक्य ठरलेलं असतं. 'सगळी संपर्कयंत्रणा कोलमडते, तेव्हा हे हौशी रेडिओवाले मदतीला धावून येतात.' सोबत हेडफोन लावलेल्या एखाद्या काकांचा फोटो. वाक्यात खोटं काही नाही. पण परवाना असलेली हॅम म्हणून मला त्या वाक्याचा मनापासून कंटाळा आलाय, आणि थोडा रागही येतो.

राग अशासाठी, की त्या वाक्यात वर्षातला एखाद-दुसरा दिवसच मावतो. बाकीच्या दिवसांचं काय? तेव्हा हे काका काय करत असतात? भिंतीवर टांगलेल्या लाल सिलिंडरसारखी आग लागायची वाट बघत असतात? छे. ते गप्पा मारत असतात. कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, कुणाच्या अँटेनावर कावळ्याने घरटं बांधलं, काल रात्री जपानचं कुठलं स्टेशन खणखणीत ऐकू आलं. घरच्यांच्या भाषेत सांगायचं तर शुद्ध रिकामटेकडेपणा.

माझं म्हणणं एवढंच आहे, की आपत्तीतली ती मदत या रिकामटेकडेपणातूनच उगवते. गप्पा चालू असतील तर मदत उभी राहते. गप्पा थांबल्या की कपाटातला महागडा सेट म्हणजे नुसता डबा. आणि आपण सगळे मिळून नेमका या गप्पांचाच गळा दाबतोय. सोसायट्या गच्चीवर दाबतात, सरकार फायलींत दाबतं, आणि उरलंसुरलं काम आमचे क्लब स्वतःच करतात.

आधी दोन मिनिटं: हे आहे काय?

हॅम म्हणजे हौशी रेडिओचालक. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा द्यायची. थोडं इलेक्ट्रॉनिक्स, थोडे नियम. वयाची अट फक्त बारा वर्षं. मॉर्स शिकायचं नसेल तर रिस्ट्रिक्टेड ग्रेड, शिकायचं असेल तर जनरल. पास झालात की परवाना आणि कॉलसाइन मिळतो. जनरलवाल्यांचा व्हीयू२ने सुरू होतो, रिस्ट्रिक्टेडवाल्यांचा व्हीयू३ने. तो कॉलसाइन जगात दुसऱ्या कुणाकडे नसतो. हवेत बोलताना तेच तुमचं नाव, तोच पत्ता, तीच अब्रू.

मग ठरवून दिलेल्या फ्रिक्वेन्सींवर बोलायचं. हातात मावणाऱ्या सेटवरून गावातल्या गावात. डोंगरावर रिपीटर असेल तर पार तालुक्याच्या पलीकडे. आणि शॉर्टवेव्हवरून, वरच्या आयनोस्फिअरच्या थरावर लहरी आपटवून, थेट दुसऱ्या खंडात. रिचार्ज नाही, सिमकार्ड नाही, कुठल्या कंपनीची मेहेरबानी नाही. धंद्याचं बोलायचं नाही, राजकारण नाही, धर्म नाही, गाणी वाजवायची नाहीत आणि सांकेतिक भाषा वापरायची नाही. जे बोलाल ते कुणालाही ऐकू येणार, हे गृहीत.

वाचायला बेचव वाटतं ना? असू दे. त्या बेचवपणाकडे परत येतेच.

सकाळचं नेट

बहुतेक क्लबांचं एक 'नेट' असतं. इंटरनेटशी त्याचा संबंध नाही. ठरल्या वेळी ठरल्या फ्रिक्वेन्सीवर जमायचं, एकाने सूत्रं हातात घ्यायची आणि बाकीच्यांनी एकेक करून हजेरी लावायची, एवढाच त्याचा अर्थ. आमचं सकाळी सातला असतं. ज्याच्याकडे सूत्रं असतात तो एकेकाला बोलावतो. प्रत्येक जण कॉलसाइन सांगतो, समोरच्याचा आवाज कसा येतोय ते दोन आकड्यांत सांगतो. पहिला आकडा शब्द किती स्पष्ट कळतात त्याचा, पाचपैकी. दुसरा सिग्नल किती जोरदार आहे त्याचा, नऊपैकी. 'पाच-नऊ' म्हणजे झकास. मग पाऊस, पाठदुखी, नातवाची दहावी. अर्ध्या-पाऊण तासात खेळ आटोपतो.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, अरे हे तर व्हॉट्सअ‍ॅपवरच्या गुड मॉर्निंगचंच भावंडं. फक्त गुलाबाचं फूल तेवढं नाही.

आता त्याच अर्ध्या तासात कानाआड काय चाललेलं असतं ते बघा. आज कोण हवेत आहे आणि कोण नाही, हे सगळ्यांना कळतं. घाटापलीकडचा आवाज गेल्या आठवड्यापासून खरखरतोय, म्हणजे त्याची केबल भिजली असणार, हे कळतं. कुणाची बॅटरी उतरत आलीय ते बोलण्यावरूनच समजतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, माणसांना आपली पाळी येईपर्यंत गप्प बसायची सवय लागते. एका वेळी एकच जण बोलू शकतो. दोघांनी एकदम बटण दाबलं की कुणाचंच काही कळत नाही. ही शिस्त कुठल्याही दोन दिवसांच्या शिबिरात अंगात मुरत नाही. ती शेकडो कंटाळवाण्या सकाळींतून मुरते.

मग निरोप पोचवणं. अ ला क चा आवाज येत नाही, पण मधल्या ब ला दोघांचाही येतो. अशा वेळी ब ने निरोप शब्दशः पुढे द्यायचा, स्वतःचा मसाला न घालता. ऐकायला सोपं आहे. चार मित्रांना घेऊन करून बघा, तिसऱ्या माणसापर्यंत जाईतो निरोपाचं काय होतं ते कळेल. गावांच्या नावांचंच घ्या. 'खेडला गाडी पाठवा' असा निरोप आला. कुठलं खेड? रत्नागिरी जिल्ह्यातलं की पुणे जिल्ह्यातलं? वडगावं किती, पिंपळगावं किती! नेटवर मुरलेला माणूस गावामागे तालुका आणि जिल्हा न विचारता जोडतो, आकडा दोनदा सांगतो, समोरच्याकडून परत वदवून घेतो. नवखा माणूस 'लवकर या, फार वाईट परिस्थिती आहे' एवढंच सांगतो आणि रडवेला होतो. त्याच्या हातात लाखाचा सेट दिला तरी फरक पडत नाही.

रविवारी अँटेना. ७.१ मेगाहर्ट्झसाठी साधी डायपोल हवी तर १४३ला ७.१ने भागायचं, उत्तर येतं साधारण २० मीटर. तेवढी तांब्याची तार, मधोमध तोडून तिथे केबल जोडायची, दोन टोकांना दोऱ्या. गलोलीने दोरी झाडाच्या फांदीवरून टाकायची. तीनदा चुकते, चौथ्यांदा अडकते आणि पाचव्यांदा बसते. मग मीटर लावून तार इंच-इंच कापत जायची. अर्धी सकाळ जाते आणि सातवीतल्या मुलीला अर्ध्या तरंगलांबीचा अर्थ जन्मभरासाठी कळतो.

आणि फॉक्स हंट. कुणीतरी टेकडीवर एक छोटा ट्रान्समीटर लपवून ठेवतो, बाकीच्यांनी तो शोधायचा. शोधायला दिशादर्शक अँटेना लागते. ती प्लंबिंगच्या पाइपला स्टीलच्या मेजरिंग टेपचे तुकडे बांधून घरी बनते. कोल्हा जवळ आला की सिग्नल इतका वाढतो की सगळीकडूनच आल्यासारखा वाटतो. मग सेट छातीशी धरून जागच्या जागी गोल फिरायचं, आपल्याच अंगाची आड करून दिशा ओळखायची. लांबून बघणाऱ्याला वाटतं, यांना काही झालंय. पण हरवलेल्या माणसाच्या सेटचा माग काढायची हीच पद्धत आहे.

पोर्ट ब्लेअरला ते कशाला गेले होते?

'छंद वेगळा आणि सेवा वेगळी' असं मानणाऱ्यांसाठी एक गोष्ट.

हॅममध्ये डीएक्सिंग नावाचा एक प्रकार आहे. लांबच्या, दुर्मीळ ठिकाणच्या स्टेशनांशी संपर्क करायचा आणि पुरावा म्हणून त्यांच्याकडून पोस्टकार्डासारखं क्यूएसएल कार्ड मिळवायचं. तिकिटं जमवण्याचाच हा प्रकार. जगाचे जवळपास ३४० तुकडे मोजलेले आहेत आणि लोक आयुष्यभर ते गोळा करत बसतात. एखाद्या बेटावरून बरीच वर्षं कुणी बोललं नसेल तर तिथे तंबू-अँटेना घेऊन मोहीमच काढतात. यापेक्षा निरुपयोगी उद्योग मला तरी सुचत नाही.

अंदमान-निकोबार हा असाच एक दुर्मीळ तुकडा होता. वर्षानुवर्षं तिथून हॅम स्टेशन हवेत आलं नव्हतं. डिसेंबर २००४मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हॅमची एक तुकडी रीतसर परवानगी काढून पोर्ट ब्लेअरला पोचली. जगभरचे लोक त्यांच्याशी दोन सेकंद बोलायला रांग लावून होते. कॉलसाइन, पाच-नऊ, थँक्यू, पुढचा. दिवसेंदिवस हेच.

२६ डिसेंबरच्या सकाळी भूकंप झाला आणि मागोमाग त्सुनामी आली. बेटांचा संपर्क तुटला. त्या क्षणी पोर्ट ब्लेअरमध्ये उभारलेली अँटेना होती, चालू सेट होते, आणि गोंगाटातून एक आवाज वेगळा काढून ऐकायची सवय झालेले कान होते. मोहीम थांबली आणि त्याच सेटवरून बेटांच्या नि मुख्य भूमीच्या मधले निरोप सुरू झाले. कोण सुखरूप आहे, कुठे काय हवंय.

आता सांगा, ही तुकडी तिथे कुठल्या आपत्ती-आराखड्यामुळे होती? कुठल्या समितीच्या ठरावामुळे? ती तिथे होती ती कार्डं वाटायला. त्यांना कुणी 'हे निरुपयोगी आहे' म्हणून परवानगी नाकारली असती, तर कारण अगदी तर्कशुद्ध ठरलं असतं. आणि त्या सकाळी तिथे कुणीच नसतं.

तुमच्या फोनविषयी

हे तुम्ही फोनवर वाचताय. मीही तो वापरते, त्याच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते 'फोन आहे ना, मग झालं' या वाक्याशी.

फोन हा दोन माणसांना जोडतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तो तुम्हाला टॉवरशी जोडतो. टॉवरला वीज लागते. वीज गेली की बॅटरी, बॅटरी संपली की डिझेल. डिझेल घेऊन येणारा रस्ता पाण्याखाली असतो. टॉवर उभा असला तरी त्याच्यामागची फायबर तुटलेली असू शकते. आणि सगळं शाबूत असलं तरी सगळ्यांनी एकदम फोन लावले की कुणाचाच लागत नाही.

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या रात्री मुंबईत किती घरांत 'फोन लागत नाहीये' या एका वाक्यावर माणसं जागी बसली होती, हे घरातल्या मोठ्यांना विचारा. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत कित्येक गावांत वीज आणि मोबाइल अनेक दिवस बंद होते. मुंबई-पुण्यातल्या चाकरमान्यांना गावच्या घराचं छप्पर आहे की उडालं, हेसुद्धा कळत नव्हतं. आणि ३० जुलै २०१४ची सकाळ. आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गाडलं गेलं, दीडशेच्या वर माणसं गेली. बाहेरच्या जगाला ही बातमी कळली ती एका एसटी ड्रायव्हरमुळे. गाडी नेहमीच्या रस्त्याने गेली, तर गावच जागेवर नव्हतं.

माळीणमध्ये रेडिओ असता तर माणसं वाचली असती, असा दावा मी करणार नाही. तो खोटेपणा होईल आणि मेलेल्यांचा अपमानही. मुद्दा एवढाच, की पुण्यासारख्या शहराच्या जिल्ह्यात, २०१४ साली, बातमी एसटीच्या चाकांच्या वेगाने आली.

सह्याद्रीत हातातला छोटा सेट फार चालत नाही. मध्ये डोंगर आला की आवाज संपला. पण शॉर्टवेव्हची तीच वीस मीटरची तार मुद्दाम कमी उंचीवर, पाच-सात मीटरवर ताणली, तर लहर जवळजवळ सरळ वर जाते आणि उघड्या छत्रीसारखी खाली उतरते. दोनेकशे किलोमीटरचा मुलूख दऱ्याखोऱ्यांसकट झाकला जातो. डोंगर आडवा येण्याचा प्रश्नच उरत नाही, कारण आवाज वरून येतो. लागतं काय? तार, दोन बांबू, सेट आणि गाडीची १२ व्होल्टची बॅटरी. आणि हे आधी शंभर वेळा करून पाहिलेला एक माणूस. पहिल्या चार गोष्टी विकत मिळतात.

गच्ची कुणाची?

त्या माणसाला घडायला जागा लागते. शहरात ती जागा म्हणजे गच्ची. आणि गच्चीचा दरवाजा बंद असतो.

सोसायटीच्या सभेत अँटेनाचा विषय निघाला की कोणकोणती वाक्यं येतात ते मला पाठ आहे. रेडिएशन होतं. बिल्डिंगचं एलिव्हेशन बिघडतं. वीज पडेल. आमचा टीव्ही बंद पडेल. उद्या आणखी कुणी म्हणेल, मला कबुतरं पाळायची आहेत. अनेकदा त्याच गच्चीवर मोबाइल कंपनीचा टॉवर चोवीस तास उभा असतो. त्याच्या रेडिएशनचा आणि एलिव्हेशनचा विषय निघत नाही, कारण त्याचं भाडं येतं. दिवसातून तासभर चालणारी एक बारीक तार मात्र सगळ्या बिल्डिंगीच्या जिवावर उठलेली असते.

काळजी खरी असेल तर उत्तरं आहेत. अँटेनाला अर्थिंग करता येतं, वादळात केबल काढून ठेवता येते, टीव्हीत खरखर आली तर फिल्टर बसवता येतो, आणि तो बसवायची जबाबदारी हॅमचीच. लेखी अटी घाला, सही घ्या. पण 'नको, उगाच कशाला' हे कारण नव्हे. पुढच्या पुरात हीच सोसायटी 'प्रशासन झोपलंय का?' असा मेसेज फॉरवर्ड करणार आहे. करायला नेटवर्क असलं तर.

फायलीतला हॅम

प्रशासन झोपलेलं नसतं. त्याला हॅम माहीत असतो. आपत्तीच्या सरकारी आराखड्यांत त्याचा उल्लेख सापडतो, 'पर्यायी संपर्क' वगैरे मथळ्याखाली. गोची अशी, की उल्लेख झाला म्हणजे काम झालं. मग पावसाळ्याआधीच्या बैठकीत क्लबच्या एखाद्या सदस्याला बोलावतात, फोटो काढतात, शाल देतात, आणि संपर्कासाठी म्हणून त्याचं नाव एका ग्रुपमध्ये टाकतात. ग्रुप अर्थातच व्हॉट्सअ‍ॅपवर. नेटवर्क गेल्यावर कुणाला बोलवायचं याची यादी नेटवर्कवर ठेवलेली असते.

दुसरीकडे, हॅम होऊ पाहणाऱ्या मुलामुलींना परीक्षेच्या तारखेची वाट बघा, मग निकालाची, मग परवान्याची. विचारा कुठल्याही क्लबात, तक्रारीचा सूर एकच. वाट बघण्यात बारावी येते, मग सीईटी, मग इंजिनिअरिंग, आणि मूल हातचं जातं.

या धोरणामागे एक जुना संशय आहे. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा इंग्रज सरकारने हौशी रेडिओचे परवाने बंद केले. १९४२मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत भूमिगत काँग्रेस रेडिओ चालवला. पोलिसांना चुकवत जागा बदलत राहिले आणि नोव्हेंबरमध्ये पकडले गेले. इंग्रजांना रेडिओची भीती का वाटावी, हे समजू शकतं. स्वतंत्र देशाचं सरकार उषा मेहतांचा गौरव करतं आणि बारा वर्षांच्या पोरीच्या ट्रान्समीटरकडे मात्र इंग्रजांच्याच डोळ्यांनी बघतं, हे समजत नाही. शिवाय हॅम लपून बोलतच नाही. दर थोड्या वेळाने स्वतःचा कॉलसाइन सांगतो आणि त्याचा पत्ता सरकारच्याच दप्तरी असतो. ज्याला उपद्रव करायचाय तो परीक्षा कशाला देईल?

आता आमच्या काकांकडे वळू

इथवर वाचून क्लबातले ज्येष्ठ खूश झाले असतील. थांबा.

हॅमच्या भाषेत पुरुषाला, मग तो पंधरा वर्षांचा का असेना, 'ओल्ड मॅन' म्हणतात. बाईला, मग ती सत्तर वर्षांची का असेना, 'यंग लेडी'. आणि बायकोला 'एक्स यंग लेडी'. ही शंभर वर्षांपूर्वीची थट्टा आहे आणि आमच्यातले कितीतरी जण ती अजून मनापासून हसत वापरतात. पुरुषाचं वय म्हणजे अनुभव, बाईचं वय म्हणजे विनोद. असल्या ठिकाणी मुली का टिकत नाहीत यावर चर्चासत्र घ्यायची गरज नाही.

नवा मुलगा स्वस्तातला चिनी बाओफेंग सेट घेऊन हवेत येतो, तर पहिलं वाक्य ऐकतो, 'हे खेळणं कुठून आणलंस?' रिस्ट्रिक्टेड परवाना काढला तर 'मॉर्स न येणारे कसले हॅम!' प्रश्न विचारला तर 'नियम वाचून या.' नियम इंग्रजीत, क्लबच्या नोट्स इंग्रजीत, आणि शिकवणारा मराठी माणूस फळ्यासमोर उभा राहिला की अचानक इंग्रजीत शिरतो. रोध, धारिता, तरंगलांबी हे शब्द आपण मराठी शाळेत शिकलो होतो, ते हवेत कुठे विरले? तालुक्याच्या गावातली मुलगी दोन रविवार येते आणि तिसऱ्या रविवारी येत नाही. मग वार्षिक सभेत ठराव होतो, 'तरुण पिढीला रस नाही.'

तरुण पिढीला रस नाही? पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या, म्हणजे सीओईपीच्या, विद्यार्थ्यांनी 'स्वयम्' नावाचा जेमतेम किलोभर वजनाचा उपग्रह बनवला. हॅम मंडळींना त्यावरून एकमेकांना निरोप पाठवता यावेत, हा त्याचा हेतू. २२ जून २०१६ला पीएसएलव्हीने तो वर नेला. त्याआधी, ५ मे २००५ला, इस्रोने खास हॅमसाठी 'हॅमसॅट' सोडला. त्यातला एक ट्रान्सपाँडर भारतात बनला होता आणि दुसरा नेदरलँड्समधल्या एका विद्यार्थ्याने बनवला होता. जुलै २०२५मध्ये शुभांशू शुक्ला अंतराळ स्थानकावरून विद्यार्थ्यांशी बोलले, तेही हॅम रेडिओवरून. पोरांना रस आहे. त्यांना तुमच्या बैठकीतल्या खुर्च्यांत रस नाही.

'पण आता सॅटेलाइट आहे ना!'

हा आक्षेप रास्त आहे, त्यामुळे टाळत नाही. सॅटेलाइट फोन चांगले आहेत, जिल्ह्याजिल्ह्यात असावेत. पण तो फोनच. एक माणूस एकाशी बोलतो. नेटवर एक जण 'आमच्याकडे इन्सुलिन संपलं' म्हणतो, तेव्हा ते चाळीस ठिकाणी एकदम ऐकू जातं, आणि ज्याच्याकडे आहे तो बोलतो. शिवाय वर्षभर तिजोरीत ठेवलेला सॅटेलाइट फोन नेमक्या वेळी चार्ज असतोच असं नाही. रोज सकाळी सातला वापरला जाणारा सेट असतो. तिजोरीतली वस्तू आणि रोजच्या वापरातली वस्तू यांत जो फरक, तोच इथे.

आणखी एक कबूल करायला हवं. इंटरनेट बंदीवर हॅम हा उतारा नाही. राजकारण बोलायला मनाई, गुपित ठेवायला मनाई. ज्याला क्रांती करायची आहे त्याने दुसरं माध्यम शोधावं. पण ज्या बेचवपणाचा वर उल्लेख केला, त्याची दुसरी बाजू इथे दिसते. भडकवणं नाही, विकणं नाही, निनावी शिवीगाळ नाही, लाइक नाही. कुठला अल्गोरिदम तुम्हाला माणसं निवडून देत नाही. आज ज्याची लहर तुमच्यापर्यंत पोचली, तोच तुमच्या नशिबात. ज्याची मतं तुम्ही सोशल मीडियावर दोन मिनिटं सहन करणार नाही, अशा माणसाशी तुम्ही रोज हवामानावर बोलता. आणि पूर येतो तेव्हा त्याचा आवाज ओळखीचा असतो. ही फार मोठी गोष्ट आहे.

तेव्हा मागण्या सरळ आहेत. सोसायट्यांनी लेखी अटींवर एक तार ताणू द्यावी. प्रत्येक जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात हॅमसाठी एक टेबल आणि गच्चीवर एक अँटेना असावी, आणि महिन्यातून एकदा फोन बंद ठेवून तिथून सराव व्हावा. शाल नको. परीक्षा ठरल्या तारखांना, जिल्ह्याच्या ठिकाणी व्हाव्यात. क्लबांनी नोट्स मराठीत लिहाव्यात, स्वस्त सेटला हसणं बंद करावं आणि नेटची सूत्रं आठवड्यातून एक दिवस विशीच्या आतल्या कुणाच्या तरी हातात द्यावीत. तो अडखळेल, द्यावं अडखळू.

आणि तुम्ही? परवान्याशिवाय बोलू नका, ऑनलाइन दिसला सेट म्हणून घेऊन बटण दाबू नका. पण ऐकायला सुरुवात आज रात्रीच करता येईल. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर नावाचा रेडिओ फोनच्या ब्राउझरमध्ये उघडतो. चाळीस मीटरच्या पट्ट्यावर जा आणि खरखरीतून आवाज शोधा. पहिली दहा मिनिटं काही कळणार नाही. मग एखादा आजोबा कुणाला तरी सांगताना ऐकू येईल, की आज त्याच्याकडे पाऊस आहे. एवढंच. त्यात रस वाटला तर जवळचा क्लब शोधा आणि रविवारी जाऊन धडका. कुणी 'ओल्ड मॅन' किंवा 'यंग लेडी' म्हणालं तर आपलं नाव सांगा. शिकवत नसतील तर विचारत राहा. पूर यायच्या आधी या, काहीही घडत नसताना या. तेव्हाच तर बोलायला वेळ असतो.